सोसायटीत फायबर घ्यायचंय, पण कंपनी म्हणते पाच वर्षं दुसरं कुणी नको. सही करावी का?

पारिजात_गोरेगाव

नमस्कार मंडळी,

गोरेगाव पूर्वेला आमची सोसायटी. तळमजला अधिक सात मजले, दोन विंग, ५६ घरं. इमारत नव्वदच्या दशकातली, त्यामुळे फोन-इंटरनेटच्या तारांसाठी वेगळा डक्ट बिल्डरने ठेवलेलाच नाही. एमटीएनएलच्या जुन्या तारा जिन्याच्या कोपऱ्यातून वर गेल्यात, केबलवाल्यांनी त्यांच्याच आधाराने आपल्या बांधल्या, आणि इंटरनेटवाल्यांनी सरळ गच्चीवरून खिडक्यांसमोर सोडल्या. वारा सुटला की त्या ग्रिलवर आपटत राहतात. कुठली चालू, कुठली बंद पडलेली, कुणालाच सांगता येत नाही.

आता एका मोठ्या कंपनीचा माणूस प्रस्ताव घेऊन आलाय. अख्ख्या इमारतीत फायबर फुकट टाकून देणार, सोसायटी ऑफिस आणि सीसीटीव्हीला फुकट कनेक्शन देणार. अट एकच: पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कंपनीला एनओसी द्यायची नाही. कमिटीतले निम्मे लोक सही करायला तयार आहेत. फुकट मिळतंय, शिवाय लोंबत्या तारा जातील, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही.

मला मात्र धास्ती वाटते. आमच्याकडे घरून काम करणारे बरेच आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर रात्री घरी बसून हॉस्पिटलचे एमआरआय, सीटी स्कॅन बघून रिपोर्ट देतात. लाइन गेली तर त्यांचा पेशंट तिकडे ताटकळतो. वार्षिक सभा तोंडावर आली आहे आणि मला तिथे नीट माहितीनिशी बोलायचं आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रकाशवाट

पारिजातताई, मी याच धंद्यात आहे, फील्डवर. अटीचं नंतर बोलू. आधी त्या माणसाला एक विचारा: फायबर घरापर्यंत येणार की गच्चीपर्यंत?

मुंबईत 'फायबर' नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जोडण्यांत काचेची तार फक्त गच्चीपर्यंत असते. तिथे पेटीत एक स्विच (एक जोडणी अनेक घरांत वाटणारं यंत्र) ठेवतात आणि पुढे घरापर्यंत साधी लॅनची तार. त्या स्विचला वीज लागते, ती बहुधा सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलेली. वीज गेली, पेटीत पाणी शिरलं, जवळपास वीज कडाडली की अख्खी विंग बंद. शिवाय जुन्या लॅन तारेत अनेकदा चारऐवजी दोनच जोड्या वापरलेल्या असतात. अशा तारेवर शंभर एमबीपीएसच्या वर वेग जातच नाही, प्लॅन तुम्ही कितीचाही घ्या.

खरं फायबर म्हणजे जीपॉन. एक्सचेंजमधून निघालेली एक तार, तिला मध्ये स्प्लिटर (प्रकाश अनेक तारांत वाटणारी डबी), आणि स्प्लिटरमधून प्रत्येक घराला स्वतंत्र काचेची तार. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. घरात आलेली तार बारीक असते आणि तिच्या टोकाला हिरवा कनेक्टर. तो हिरवा कनेक्टर घरातल्या डब्यात (आम्ही ओएनटी म्हणतो) जात असेल तर फायबर घरात आलं. घरात आलेल्या तारेला फोनसारखी पण जरा रुंद, पारदर्शक प्लास्टिकची पिन असेल तर ती लॅन आहे.

दुसरा प्रश्न: एका तारेवर किती घरं? जीपॉनची एक तार खाली आणायला साधारण २.५ गिगाबिट आणि वर पाठवायला १.२५ गिगाबिट देते. ती ३२ घरांत वाटली आणि सगळे एकाच क्षणी पूर्ण जोरात वापरायला लागले तर घरटी ७८ एमबीपीएसच्या आसपास. ६४ घरांत वाटली तर त्याच्या निम्मं. सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून रोज ते जाणवत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना संध्याकाळी जाणवू शकतं. ५६ घरांना दोन स्वतंत्र तारा मागा, विंगला एक. कंपनीला हे जड नाही, विचारलं नाही तर मात्र करत नाहीत.

निवृत्त_सेक्रेटरी_दादर

प्रकाशवाट यांनी तांत्रिक बाजू छान मांडली. मी कारभाराची मांडतो. पुष्कळ वर्षं सोसायटीचं दफ्तर सांभाळलं आहे.

पाच वर्षांची मक्तेदारी लिहून देऊ नका. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) जानेवारी २०१७ मध्ये इमारतींमधल्या प्रवेशाबाबत शिफारशी केल्या, त्यात असे एकट्याचे करार होऊ नयेत आणि इमारतीतली यंत्रणा कंपन्यांनी आपसांत वाटून वापरावी, हाच रोख होता. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मान्य. तरी कंपनीच्या माणसापुढे ती ठेवायला हरकत नाही. नवा दूरसंचार कायदा २०२३ चा, आणि त्याखालचे मार्गहक्काचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. खासगी मालमत्तेत कंपनीने मालकाशी करार करून यावं, ही वाट त्यात आहे. म्हणजे दाराची किल्ली सोसायटीच्या हातात आहे. ती पाच वर्षांसाठी दुसऱ्याला का द्यावी?

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: पाइप सोसायटीचा असू द्या, तार कंपनीची. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक विंगला एक जाड पीव्हीसी पाइप, दर मजल्यावर एक जंक्शन बॉक्स, हे सोसायटीने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या वायरमनकडून करून घ्यावं. ५६ घरांत तो खर्च वाटला की जड जात नाही. मग जी कंपनी येईल तिने त्याच पाइपातून यायचं, भिंतीला नवं भोक पाडायचं नाही. ती गेली तर तिची तार जाईल, पाइप राहील. कंपनीने फुकट टाकलेला पाइप हा कंपनीचाच, आणि उद्या दुसरा आला की पहिला म्हणणार, आमच्या पाइपला हात लावू नका.

विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाव घालून घ्या. 'ऐनवेळचे विषय' मध्ये ढकलू नका. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जायला हवी आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मुलुंड_पूर्व_अ

आम्ही सही केली होती, म्हणून कळकळीने लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. मग आमच्या रस्त्यावर खोदकाम निघालं, कुणाच्या तरी जेसीबीने तार तोडली आणि अख्खी इमारत बंद. सगळ्यांची लाइन एकाच तारेवर, दुसरी कंपनी इमारतीत नाही. बारावीची मुलं, घरून काम करणारे, सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तक्रार केली की 'काम चालू आहे' एवढंच उत्तर. आमच्या करारात सेवा किती वेळात सुरू करायची याचा शब्दही नव्हता, आणि आम्ही बाहेर कसं पडायचं याचाही नव्हता. बाहेरच्या रस्त्यावर दुसऱ्या दोन कंपन्यांचं फायबर होतं, गेटपासून हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही ते आत घेऊ शकत नव्हतो. पारिजात, सभेत कुणी 'फुकट' म्हणालं की हे त्यांना वाचून दाखव.

चारकोप_रो_१८

थोडं वेगळं मत मांडतो. आमची म्हाडाची छोटी सोसायटी, १८ घरं. एकही मोठी कंपनी यायला तयार नव्हती, कारण रस्त्यापासून आत फायबर आणायचा खर्च एवढ्या घरांतून निघत नाही. शेवटी एकाने एकट्याची अट घालून आणलं आणि आम्ही मान्य केलं. ती अट नसती तर आजही गच्चीवरच्या लॅनवरच असतो. इथे सगळे 'करू नका' म्हणताहेत, पण लहान सोसायटीकडे सौदा करायला ताकद नसते हेही बघा. आमच्याकडच्या वयस्कर लोकांचे डॉक्टरशी व्हिडिओ कॉल आता न अडखळता होतात. माझ्या लेखी ते महत्त्वाचं आहे.

निवृत्त_सेक्रेटरी_दादर

चारकोपकर, तुमचा मुद्दा खरा आहे. तुमच्या जागी मीही मुदतीची सवलत दिली असती. पण वर्षाची, पाचाची नाही, आणि ती मुदत आपोआप संपते असं लिहून. 'दोन्ही पक्षांच्या संमतीने वाढेल' हे वाक्य चालेल, 'नोटीस न दिल्यास आपोआप वाढेल' हे चालणार नाही. करारात ते एक वाक्य शोधून काढा, बहुतेकांत असतं.

प्रकाशवाट

यात कंपनीच्या बाजूचं गणित सांगतो. आम्हाला अट का हवी असते? बिल्डिंगमध्ये किती घरं कनेक्शन घेतील याची खात्री नसते म्हणून. तीच खात्री दुसऱ्या वाटेने द्या. इच्छुक घरांची यादी करा, फ्लॅट नंबर आणि सही घेऊन. ५६ पैकी तीसेक घरांच्या सह्या सेल्सवाल्यासमोर ठेवल्या की तो वरिष्ठांशी बोलून अट काढून येतो, हे मी पाहिलंय. शेजारच्या दोन सोसायट्या बरोबर घेतल्या तर आणखी सोपं. चारकोपला हेच जमलं असतं, शेजारच्या रांगा धरून. अजूनही करार संपताना करता येईल.

पारिजात_गोरेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीची कल्पना फारच कामाची, आजच ग्रुपवर टाकते.

दोन अडचणी आहेत. कंपनीवाला म्हणतो, पेटी खाली मीटर रूममध्ये लावू, आणि तार विजेच्या डक्टमधून वर नेऊ. आमची मीटर रूम तळमजल्याला, रस्त्याच्या पातळीच्या खाली. २६ जुलै २००५ ला तिथे मीटरच्या वर पाणी चढलं होतं असं जुने सभासद सांगतात. दुसरं म्हणजे घरात भोक पाडू द्यायला बऱ्याच जणांचा विरोध आहे. मागच्या वेळी केबलवाल्याने मारलेल्या भोकातून पाणी झिरपून एका बेडरूमची भिंत फुगली.

प्रकाशवाट

मीटर रूम नको. स्प्लिटर पाण्यात गेला तर लगेच मरत नाही, काचेला गंज लागत नाही, पण जोडांवर चिखल बसला की सिग्नल पडतो आणि ती पेटी पुन्हा उघडून साफ करायला कुणी वेळेवर येत नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या लँडिंगला, हात पोचेल त्याच्या वर, कुलूप असलेली पेटी लावा. किल्ली वॉचमनकडे.

विजेच्या डक्टमधून नको. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे शॉकची भीती नाही, पण तार ओढताना कंपनीची कामाची मुलं विजेच्या केबल हलवतात आणि मजल्यामजल्याचा स्लॅब फोडून ठेवतात. ते भोक उघडं राहिलं तर आग लागल्यावर धूर त्याच वाटेने वर चढतो. दर मजल्याचं भोक आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवून घ्या. तुमचं फायरचं बी फॉर्म प्रमाणपत्र (आगीची यंत्रणा चालू आहे याचं) जानेवारी आणि जुलैत जातं, ते देणाऱ्याला हे काम दाखवा.

आता घरातलं भोक. ड्रिल आतून बाहेर मारायचं आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायचा, म्हणजे पाऊस आत न येता बाहेर उतरतो. बाहेरून येणारी तार भोकात शिरण्याआधी खाली लोंबती घडी घालून मग वर न्यायची, पाणी त्या घडीच्या तळाशी ठिबकतं. शेवटी दोन्ही बाजूंनी सिलिकॉन. सिमेंट नको, ते तडकतं. ही तीन कामं पाच मिनिटांची आहेत, पण तुम्ही उभं राहून सांगितली तरच होतात. जिन्यातून आलात तर मुख्य दाराच्या चौकटीवरून तार आत घेता येते, बाहेरची भिंत फोडायचीच नाही. तुमच्याकडे मी तेच करेन.

तार वळवताना काटकोनात दुमडू देऊ नका. आता जी इमारतीतली तार येते ती साडेसात ते दहा मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते, त्याहून घट्ट वळवली की प्रकाश गळतो. दरवाज्याच्या फटीत दाबून ठेवलेली तार हे 'नेट स्लो आहे' तक्रारीचं मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे.

आणि मुलं निघण्यापूर्वी पॉवर मीटर लावून आकडा बघा. तो वजा चिन्हाचा असतो, डीबीएम मध्ये, म्हणजे घरापर्यंत किती प्रकाश पोचतो त्याचं माप. वजा १५ ते वजा २४ च्या दरम्यान असला की ठीक. वजा २७ च्या आसपास म्हणजे आज चालेल, पहिल्या पावसात लाल दिवा लागेल. स्प्लिटरमध्ये दर वेळी प्रकाश दोन भागांत वाटला की तीन डेसिबल जातात, ३२ घरांना वाटेपर्यंत १५ गेले, जोडांचे मिळून १७ धरा. त्यात एखादा जोड घाईत केला असेल तर आकड्यात लगेच दिसतं. प्रत्येक घराचा आकडा एका वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार आली की आधी तो आकडा परत मोजायला लावायचा.

लालबाग_चाळ_दुसरा_मजला

ज्यांच्याकडे सोसायटीच नाही त्यांचं काय, म्हणून लिहितो. आमची पागडीची चाळ. मालक लांब राहतो, रेंट कलेक्टर येतो तेवढाच संबंध. डक्ट नाही, लिफ्ट नाही, लाकडी जिना. आम्ही भाडेकरूंनी मिळून मालकाला पत्र दिलं, दुरुस्तीचं नाही, फक्त तार न्यायची परवानगी. त्याने लेखी दिली. मग गॅलरीच्या छताला तुळईच्या बाजूने पट्टी मारली आणि तिच्यातून सगळ्या खोल्यांच्या तारा नेल्या. लाकडात ड्रिल नाही, क्लिपा. पेटी मधल्या मजल्याला. दहा बाय दहाच्या खोलीत एक राउटर पुरून उरतो, ते आमचं सुख. माझी भाची त्याच खोलीत बसून सीएचे क्लास करते. पत्राची प्रत जपून ठेवा, पुढे मालक बदलला तर कामाला येते.

विक्रोळी_कन्नमवार

फायबर घरात आल्यावर पुढचं कुणी लिहिलं नाही. लोक ओएनटी दारामागे चपलांच्या कपाटावर ठेवतात आणि बेडरूममध्ये वेग येत नाही म्हणून कंपनीला शिव्या देतात. आपल्या आरसीसी भिंती वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल खाऊन टाकतात. २.४ लांब जातो पण शेजारच्या सगळ्या राउटरची गर्दी त्याच पट्ट्यावर. कनेक्शन घेतानाच ओएनटी घराच्या मधोमध, उंचावर येईल एवढी तार आत ओढून घ्या.

डॉक्टरताईंसाठी खास: कामाचा कॉम्प्युटर वायफायवर नको, लॅनच्या तारेने जोडा. बाहेरून हॉस्पिटलला त्यांच्या मशीनपर्यंत पोचायचं असेल तर स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा इंटरनेट पत्ता) मागावा लागेल, कारण बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात. त्याचे पैसे वेगळे, आणि प्लॅनच्या सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, तो जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो. ओएनटीला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. वीज गेली तरी काचेची तार चालू असते, बंद पडतो तो तुमचा डबा.

मुलुंड_पूर्व_अ

यात भर: तक्रार केली की डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्यायचाच. फोनवर 'बघतो' म्हणाले म्हणजे तक्रार नोंदली गेली असं नाही. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ३० दिवसांच्या आत, आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नंबर नसेल तर अपीलच होत नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नका.

निवृत्त_सेक्रेटरी_दादर

ज्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली आहे त्यांनी हे आत्ताच विकासकाच्या करारात घालावं: तारांसाठी स्वतंत्र डक्ट, दर मजल्यावर बॉक्स, प्रत्येक घरात दोन रिकामे पाइप, आणि सगळं सोसायटीच्या मालकीचं. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. विकासकाकडून ते मानांकन मागा. इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडण्यापेक्षा नकाशावर रेघ मारणं सोपं.

पारिजात_गोरेगाव

यादीवर आज सकाळपर्यंत ३४ सह्या झाल्या. कंपनीचा माणूस आता 'अट बघू' म्हणतोय, आणि दुसऱ्या कंपनीनेही फोन केलाय. सभेपुढे ठेवायचा ठराव असा लिहिलाय, कृपया तपासा:

"सोसायटीने दोन्ही विंगमध्ये स्वखर्चाने पाइप व जंक्शन बॉक्स बसवावेत व ते सोसायटीच्या मालकीचे राहावेत. कोणत्याही सेवादात्याला समान अटींवर या पाइपातून घरापर्यंत फायबर नेण्यास परवानगी द्यावी. कोणालाही एकट्याचा हक्क देऊ नये. विजेच्या डक्टमधून तार नेऊ नये. प्रत्येक मजल्यावरील भोक आगरोधक साहित्याने बुजवण्याची जबाबदारी काम करणाऱ्याची राहील. वीज लागणारे कोणतेही उपकरण बसवल्यास त्यास स्वतंत्र सबमीटर असावा. बंद पडलेली सेवा किती तासांत सुरू करणार हे सेवादात्याने लेखी द्यावे."

प्रकाशवाट

चांगला झालाय. दोन गोष्टी घाला. 'नव्या जोडणीनंतर ३० दिवसांत संबंधित घराची जुनी बाहेरची तार गच्चीपासून तळापर्यंत काढून न्यावी, अन्यथा सोसायटी ती काढेल.' हे लिहिलं नाही तर नवं फायबर येतं आणि जुन्या तारा तशाच ग्रिलवर आपटत राहतात. आणि दोन कंपन्या येणार असतील तर एक पूर्वेच्या रस्त्यावरून, दुसरी मागच्या गल्लीतून आत घ्या. दोघींच्या तारा एकाच खड्ड्यातून आल्या तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. गेटबाहेरचं खोदकाम असेल तर पावसाळ्यात पालिका करू देत नाही, त्यामुळे तोवर पाइपाचं काम उरकून ठेवा, ऑक्टोबर उजाडला की तार लगेच ओढता येईल.

पारिजात_गोरेगाव

दोन्ही घातले. मागच्या गल्लीच्या बाजूला आमची कंपाउंडची भिंत शेजारच्या सोसायटीशी सामाईक आहे, त्यांच्या चेअरमनशी उद्या बोलते. पाइप एक इंचाचा पुरेल का?

प्रकाशवाट

सात मजले, पुढे तीन-चार कंपन्या धरून दोन इंच घ्या. आणि आतून एक नायलॉनची दोरी टाकून ठेवा, दोन्ही टोकं बांधून. पुढची तार त्या दोरीने ओढली जाते, पाइप उघडावा लागत नाही. तार ओढताना दुसरी दोरी तिच्यासोबत बांधायला सांगा, नाहीतर पुढच्याला काही उरत नाही.